ओळखीची सही

केसरच्या मांजरीला सुरूबंदरातली झाडून सगळी खबर असायची, कारण केसर सकाळ-संध्याकाळ तिच्याशीच बोलायची. मांजर नारिंगी, गोल गरगरीत, मासळी खाऊन खाऊन आळसावलेली. नाव भोपळी. ती ओट्यावर डोळे मिटून पडलेली असायची आणि केसर कोलंबी सोलता सोलता तिला सांगायची, “भोपळे, उद्या नळाला पानी येनार न्हाय हां. आजच भरून ठेव.”

आता मांजर कधी पाणी भरून ठेवते का? पण कुंपणापलीकडे विनिता ऐकत असायची. ती निमूट उठून हंडे भरायची, आणि मग अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालता घालता म्हणायची, “तुळशीबाई, बरं झालं हो वेळेवर कळलं. नाहीतर उद्या तोंड धुवायचे वांधे होते.” तिकडे केसर गालात हसायची. सहा वर्षं हे असं चाललं होतं. दोन शहाण्यासुरत्या बायका, एक मांजराशी बोलते, एक झाडाशी. बाहेरच्यानं बघितलं तर म्हणेल, दोघींचं डोकं फिरलंय. डोकं कुणाचं फिरलं होतं ते ऐका, म्हणजे कळेल.

सुरूबंदर म्हणजे नागावच्या खाली, सुरूच्या बनामागं दडलेला शंभरेक घरांचा कोळीवाडा. तिथलं बोंबील वाळवायचं मैदान मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला द्यायचं असं गावकीनं ठरवलं. गावकीनं म्हणजे पंचांनी. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या. विनिताचा बाप धर्माजी तेवढा अडून बसला. “मग बायांनी बोंबील काय डोक्यावर वाळवायचे?” असं भर बैठकीत विचारून तो थेट तहसीलदाराकडे अर्ज देऊन आला. झालं! गावची गोष्ट गावाबाहेर नेली म्हणून गावकीनं त्याचं घर वाळीत टाकलं. देवीपुढं नारळ ठेवला आणि घरटी एकानं त्यावर हात ठेवून शपथ घेतली, की धर्माजीच्या घराशी बोलायचं नाही, उठबस नाही, नाव तोंडातून काढायचं नाही. जो शपथ मोडेल त्याला दर्या बघून घेईल. ज्याच्या घरचा माणूस रोज त्याच दर्यात जातो, त्याला ह्याहून मोठी धमकी काय द्यायची?

केसरचा नवरा विनेश बोटीवर तांडेल. बोट घेऊन तो बाहेर होता, म्हणून नारळावर हात केसरला ठेवावा लागला. विनिता आणि केसर लहानपणी एका ताटात जेवलेल्या. केसर दोन वर्षांनी मोठी, लग्न होऊन विनिताच्याच शेजारी नांदायला आली तेव्हा दोघी आनंदानं नाचल्या होत्या. शपथ झाली त्या संध्याकाळी केसर कुंपणाशी आली, विनिताकडे पाठ करून बसली, आणि मांडीवरच्या एवढ्याशा पिल्लाला म्हणाली, “भोपळे, मी तिच्याशी न बोलायची आन घेतलीय. तुझ्याशी न्हाय घेतली.”

तेव्हापासून मांजर आणि तुळस.

धर्माजीनं पोलिसांत तक्रार केली होती. कायदा आहे म्हणाले. असेल. तारखा पडत राहिल्या आणि साक्षीला गावातलं चिटपाखरू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी धर्माजी गेला. आई तर विनिताच्या लहानपणीच गेलेली. बापाला खांदा द्यायला उरणहून मामाची पोरं यावी लागली. हाकेच्या अंतरावर शंभर घरं, आणि खांदा उरणहून! विनिता त्या दिवशी रडली नाही. रडायलाही समोर कुणीतरी लागतं.

वय झालं छत्तीस. ठरत आलेलं लग्न वाळीत पडल्यावर मोडलं ते मोडलंच. गावातल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची, तीही एका आठवड्यात रिकामी झाली. दुकानदार तिच्याकडे असा बघायचा, की तिच्या जागी काच आहे आणि पलीकडचा रस्ता दिसतोय. गावातली रिक्षा तिला घ्यायची नाही. ती दोन किलोमीटर चालत फाट्यावर जायची आणि तिथून नागावला. मग तिनं लॅपटॉप घेतला आणि मोबाईलच्या नेटवर परदेशातल्या पोरांना इंग्रजी शिकवू लागली. कुठं तुर्कस्तान, कुठं ब्राझील. दिवसाला सहा-सहा तास बोलायची. ‘मिस विनी, मिस विनी’ म्हणून पोरं जीव टाकायची. तास संपला की पडदा काळा व्हायचा आणि त्यात तिचं तिलाच तोंड दिसायचं. मग तिला वाटायचं, दिवसभरात आपण मराठीत किती शब्द बोललो? चार. तेही तुळशीशी.

म्हणून तिनं परदेशी नोकरी शोधायला घेतली. पडद्यावरची नको, खरीखुरी. समोर बाक, बाकावर पोरं, आणि मधल्या सुट्टीत ‘चहा घेता का’ विचारणारं कुणीतरी. तेवढंच तिला पाहिजे होतं. तिनं शिकवण्याचा परदेशी दाखला ऑनलाइन मिळवला, एकसष्ट शाळांना अर्ज केले. छपन्न ठिकाणांहून उत्तरच नाही. चौघांनी कळवलं, की ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाच आम्ही घेतो. त्यातल्याच एकानं तर तिचं इंग्रजी फार छान आहे असं लिहून, वर पासपोर्ट चुकीच्या देशाचा आहे असं लिहिलं. विनिता खूप हसली. मेल्या, चुकीच्या देशाचासुद्धा पासपोर्ट अजून कुठं आहे माझ्याकडे!

एकसष्टावी शाळा व्हिएतनाममधली. हायफाँग नावाच्या बंदराच्या शहरात. तिथल्या बाई, मिस लान, म्हणाल्या, कागद राहू द्या, आमच्या बारा पोरांना अर्धा तास शिकवून दाखवा.

आदल्या दिवशी विनितानं तुळशीला सांगितलं, “तुळशीबाई, उद्या सकाळी परीक्षा आहे. पोरं बंदरातली आहेत, मासे दाखवले असते तर खुलली असती. पण मला कोण मासळी देणार?” सकाळी उठून बघते तर कुंपणाच्या दगडावर केळीच्या पानात एक पापलेट, मूठभर मांदेली आणि नांग्या बांधलेली जिवंत चिंबोरी. पलीकडे केसर भोपळीवर ओरडत होती, “काय गो ही मांजर! उचलून आनते आनि कुठंबी टाकून येते!”

पापलेटवर पोरं खूश झाली. मांदेलीवर आणखी खूश. आणि मग चिंबोरीच्या नांगीची दोरी सुटली. ती टेबलावरून तुरुतुरु चालत लॅपटॉपवर चढली आणि कॅमेऱ्यावर नांगी आपटू लागली. “अगो बाई!” विनिता दचकून किंचाळली. हायफाँगमधली बारा पोरं एका सुरात किंचाळली, “अगो बाई!” आणि पुढचा अर्धा तास खिदळत खिदळत त्यांनी खेकड्याचे पाय, डोळे, चाल, सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. मिस लान डोळे पुसत होत्या. चार दिवसांत पत्र आलं. नोकरी पक्की, दिवाळीनंतर हजर व्हायचं, मात्र पासपोर्टची प्रत ह्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत पाठवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पत्र वाचून विनिता घरभर फिरली. स्वयंपाकघरात गेली, पुढच्या खोलीत आली, बापाच्या फोटोपुढं उभी राहिली. आनंद एवढा मोठा, आणि सांगायला माणूस नाही. शेवटी अंगणात जाऊन मोठ्यानं म्हणाली, “तुळशीबाई, झालं हो माझं काम! मी चालले व्हिएतनामला!” पलीकडे काही तरी धपकन पडलं. मग केसरचा आवाज आला, जरा ओलसर. “भोपळे, ऐकलंस का? आपली मानसं लांब चालली.”

पासपोर्टचा अर्ज झाला, फोटो झाला, बोटांचे ठसे झाले. राहिली पोलीस पडताळणी. म्हणजे पोलीस पत्त्यावर येणार, घर बघणार, आणि शेजाऱ्याची सही घेणार, की होय, ही बाई इथंच राहते, आम्ही हिला ओळखतो.

अर्ज करताना हा रकाना विनितानं वाचला होता. पण नोकरी मिळाल्याच्या आनंदात तिनं त्यावरून नजर फिरवली आणि पुढं गेली. माणूस जिथं अडकणार असतो नेमकं तिथंच वाचत नाही.

सोमवारी दुपारी तिचा फोन वाजला. “विनिता धर्माजी का? मी पोलीस ठाण्यातून क्रांती बोलतेय. ताई, तुमचा पत्ता खरा आहे ना? मी गावात उभी आहे आणि इथं कुणीच तुम्हाला ओळखत नाही.”

विनिता धावत बाहेर आली. तिच्या दारापासून पन्नास पावलांवर, मारुतीच्या देवळासमोरच्या कट्ट्याजवळ एक तरुण पोलीस बाई स्कूटर लावून उभी होती. कट्ट्यावर सात पुरुष जाळी शिवत बसले होते. मधोमध रावजी पंच. एकजात सगळे विनिताला जन्मल्यापासून ओळखणारे. रावजीनं तर तिच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्या होत्या.

“ह्याच का?” क्रांतीनं कट्ट्याकडे वळून विचारलं. “अहो, ह्या इथं समोर राहतात, आणि तुम्ही म्हणता ह्या नावाचं कुणी गावात नाही?”

रावजीनं जाळ्यावरची मान वर केली नाही. “आमाला ठावं न्हाय,” तो म्हणाला. बाकीचे सहा समुद्राकडे बघू लागले. समुद्रात त्या वेळी बघण्यासारखं काहीही नव्हतं.

क्रांती तळा तालुक्यातली, भातशेतीवाल्या घरातली पोर. नोकरीला दोन वर्षं झालेली, पण अडाणी नव्हती. विनिताच्या घरात येऊन ती पाणी प्यायली, तिनं मोबाईलवर घराचा फोटो काढला, आणि मग हळूच म्हणाली, “वाळीत?”

विनितानं होकारार्थी मान डोलावली.

“तक्रार द्या ना ताई. गुन्हा आहे हा.”

“माझ्या बाबांनी दिली होती. तक्रार अजून आहे. बाबा नाहीत.”

 क्रांतीच्या तोंडावर ‘मी काय करू’ असं स्पष्ट उमटलं. “असं करा,” ती शेवटी म्हणाली, “नियमानं दोन सह्या लागतात. एक मिळाली तरी मी साहेबांकडून निभावून नेईन. पण एक तरी पाहिजेच, आणि ती लगतच्या शेजाऱ्याची. शुक्रवारी दुपारी मी परत येते. त्या दिवशी मला अहवाल पाठवावाच लागेल. ओळख पटली, नाहीतर पटली नाही. तिसरं काही मला लिहिता येत नाही.”

ती गेल्यावर विनिता बसून राहिली. मग तिला एकदम हसू आलं. अरे, ह्या लोकांना आपण गावातून गेलेलं पाहिजेच ना? मग सही द्या, मी जाते! इतकी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात कशी येत नाही? ती तशीच उठली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

“रावजीकाका, मी कायमची चालले. घर बंद होईल, तुमच्या डोळ्यांपुढून जाईल. एक सही द्या. एवढीच मेहेरबानी.”

रावजी म्हातारा झाला होता. हात थरथरायचे, सुईत दोरा दुसरं कुणीतरी ओवून द्यायचं. त्यानं जाळ्याकडे बघत, जाळ्यालाच सांगावं तसं म्हटलं, “जे नाव गावानं टाकलं, त्या नावाला ओळखतो असं लिहून कसं द्यायचं? उद्या कुनी म्हनंल, पंचानंच आन मोडली.” आणि मग, आणखी हळू, “आनि न्हाय ओळखत असं तरी पोलिसाच्या कागदावर कोन लिहून देनार? कुनी म्हनंल, का ओळखत न्हाय?”

म्हणजे तोही अडकलेला. स्वतःच्याच जाळ्यात सगळा गाव पाय गुंतवून बसला होता, आणि तिला गावाबाहेर काढायची हौस असूनही बाहेर जाऊ देता येत नव्हतं. विनिताला राग यायला हवा होता. तिला त्या थरथरत्या हातांची कीव आली, आणि मग कीव आल्याचा राग आला.

आता उरली एकच. लगतची शेजारीण.

संध्याकाळी ती तुळशीपुढं उभी राहिली.  “तुळशीबाई,” ती म्हणाली, “एक सही पाहिजे. बोलायला नको, नाव घ्यायला नको. नुसती एक सही.”

कुंपणापलीकडे कोलंबी सोलायचा आवाज थांबला.

“भोपळे,” केसर म्हणाली. तिचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. “आपल्या प्राप्तीचं ठरलं, तुला ठावं हाय ना? रावजी पंचाच्या निकेशशी. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढलीय. पोरगी त्याच्यावर जीव टाकते गो. मी सही केली की दुसऱ्या दिवशी आमचं घर वाळीत. लगीन मोडलं. आनि विनेश…” ती थांबली. “विनेश आठ-आठ दिवस दर्यात असतो. मी देवीपुढं हात ठेवलाय. तूच सांग भोपळे, मी काय करू? काय करू मी?”

भोपळीनं जांभई दिली.

केसरची लेक प्राप्ती वीस वर्षांची. विनितानंच तिला एबीसीडी गिरवायला शिकवलेलं. पोर लहानपणी ह्या अंगणातून त्या अंगणात उड्या मारायची.  “तुळशीबाई,” विनिता म्हणाली, “तिला सांग, मी मागितलंच नाही. चुकून तोंडातून गेलं.”

मंगळवारी केसर कुंपणाशी आली नाही. बुधवारी नाही. गुरुवारीही भोपळी ओट्यावर एकटीच पडलेली. ते तीन दिवस विनिताला मागल्या सहा वर्षांपेक्षा लांब गेले. गावानं टाकलं तेव्हा एक आवाज उरला होता, मांजरीच्या नावावर का होईना, पण उरला होता. आता तोही गेला. ती तास घेत होती, तुर्कस्तानातल्या पोराला क्रियापदं शिकवत होती, आणि कान कुंपणाकडे लागलेले होते. आपण मागायला नको होतं. नोकरी जाईल ती जाईल, पण ही केसरसुद्धा घालवली आपण, असं तिला सारखं वाटत राहिलं.

शुक्रवारी भर दुपारी क्रांतीची स्कूटर आली. कट्ट्यावर सातच्या ठिकाणी आज पंधरा माणसं. बातमी आधीच पोचलेली, काय होतं ते बघायला सगळे जमलेले. सही द्यायला नव्हे, बघायला. विनिता दारात उभी होती. क्रांतीनं नजरेनं विचारलं, ‘मिळाली?’ विनितानं मान हलवली, नाही.

नेमकी त्याच वेळी केसर नागावच्या बाजारातून परत आली. डोक्यावर रिकामी पाटी, कपाळावर घाम. ती मान खाली घालून आपल्या दाराकडे वळली, तर क्रांतीनं हाक मारली, “ओ मावशी! थांबा. तुम्ही ह्या घरातल्या ना? ह्यांच्या लगतच्या शेजारी?”

केसर थांबली. पाटी उतरवून तिनं जमिनीवर ठेवली.  रावजीची सुई जाळ्यात तशीच राहिली.

“ह्या बाईंना ओळखता तुम्ही?” क्रांतीनं विचारलं. कागद पुढं केला, पेन उघडलं.

केसरनं मान वर केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा विनिताच्या डोळ्यांत बघितलं. केवढी म्हातारी झालीय ही, विनिताच्या मनात आलं. पाठमोरी रोज दिसायची, पण तोंड असं समोरून कुठं दिसलं होतं? डोळ्यांखाली काळं झालेलं. तीन रात्री झोपलेली नसावी. केसरनं पदरानं हात पुसला, नीट, एकेक बोट पुसलं. पेन धरायला हात कोरडा पाहिजे ना. तिचा हात पुढं आला, ओठ उघडले.

ती ओळखते म्हणणार होती. विनिताला लख्ख दिसलं. आणि तेवढ्याच लख्ख पुढचंही दिसलं. आपण हायफाँगला बाकांपुढं उभ्या राहू, मधल्या सुट्टीत कुणीतरी चहा विचारील. आणि इथं प्राप्ती खोलीत कोंडून घेऊन रडेल, दुकानदार केसरच्या आरपार बघेल, विनेशची बोट यायला जरा उशीर झाला की ही किनाऱ्यावर एकटी उभी राहील, शेजारी कुणी उभं राहणार नाही. आणि संध्याकाळी कुंपणापलीकडे बंद घर. वाळलेली तुळस. वाळीत पडणं म्हणजे काय हे विनिताइतकं त्या गावात कुणाला माहीत होतं? दुसऱ्याला ते देऊन स्वतः विमानात बसायचं?

“नाही मॅडम,” विनिता म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “त्या मला ओळखत नाहीत.”

क्रांती गर्रकन वळली. “ताई?”

“कामावर असतात दिवसभर. आमचं कधी बोलणं झालेलं नाही.” सहा वर्षांपुरतं हे शेवटचं तर खरंच होतं. “त्यांना जाऊ द्या. उन्हातून आल्यात.”

केसर तशीच उभी. हात पुढं आलेला, ओठ उघडे. मग तिनं खाली वाकून पाटी उचलली, आणि घरात जाता जाता उंबऱ्याला अडखळली. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याला तिला अडखळताना कुणी बघितलं नव्हतं.

क्रांतीनं कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण वर्दीत रडता येत नाही. “लिहू मग?” ती म्हणाली.

“लिहा.”

दिलेल्या पत्त्यावर ओळख पटली नाही. एवढंच लिहायचं होतं, अर्धं मिनिट लागलं. कट्ट्यावरचे लोक एकेक करून उठले. रावजी सगळ्यांत शेवटी उठला. विनिताच्या दारासमोरून जाताना त्याचा पाय क्षणभर रेंगाळला, पण काही बोलायला त्याच्याजवळ मांजर नव्हतं.

वीस तारीख आली आणि गेली. मिस लाननं लिहिलं, की पोरं अजून ‘अगो बाई’ म्हणतात, पण शाळेला थांबता येत नाही. पुढं कधी पासपोर्ट झाला तर जरूर कळवा. विनितानं ते पत्र दोनदा वाचलं. मग बाकांवर बसलेली ती बारा पोरं डोळ्यांपुढं आली आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. बापाचं राहिलेलं रडणंही त्यात रडून झालं. मग तोंड धुतलं, तांब्या भरला आणि तुळशीला पाणी घालायला अंगणात आली. रोजची वेळ होती, उन्हं सुरूच्या शेंड्यांवर होती.

“तुळशीबाई,” ती सवयीनं म्हणाली, “जागा गेली हो.”

“विनू.”

 हे नाव घेणारी माणसं जगात दोनच होती. एक बाप. फोटोतली माणसं हाक मारत नाहीत.

“विनू,” केसर कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पाठ नव्हती केली. तोंड समोर होतं, आणि रडून रडून सुजलेलं होतं. “मी तुला ओळखत न्हाय व्हय गो?”

 विनिताचं सहा वर्षांचं बोलायचं साठलेलं होतं. पण तिनं आधी समुद्राकडे बघितलं. विनेशची बोट सकाळीच बाहेर गेलेली. तिनं स्वतःच्या कानांनी तिचा आवाज ऐकला होता. देवी, नारळ, दर्या! ही काय करून बसली! ती घाईघाईनं तुळशीकडे वळली, कट्ट्यावर ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, “तुळशीबाई, तिला सांग, असं करू नको म्हणावं. विनेशदादा बाहेर आहे. भोपळीशी बोल म्हणावं. मी ऐकतेय.”

“भोपळी चुलीपाशी झोपलीय,” केसर म्हणाली. “मी तुझ्याशी बोलते.”